सल्ला देत नाही, तर समुपदेशक करतो काय?

(वाचकांची पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली असून ओळख पटू शकेल असा तपशील वगळला आहे.)

प्रश्न : मी अमळनेर तालुक्यातील एका शाळेत शिक्षिका आहे. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात शेतीच्या वाटणीवरून माझे आणि भावाचे बिनसले आणि मी माहेरी जाणे टाळू लागले. वडील गेले तेव्हा मी त्यांच्याजवळ नव्हते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे सगळ्या लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गाणी होतात; मी मात्र त्या दिवशी सासरी दार लावून बसते. एका सहकारी बाईंच्या सांगण्यावरून जळगावला समुपदेशकांकडे जाऊ लागले. त्या शांतपणे ऐकतात, मधूनमधून माझेच बोलणे मला त्यांच्या शब्दांत सांगतात. पण भावाशी बोलावे की नाही, हक्कसोडपत्रावर सही करावी की नाही, यावर काहीच सांगत नाहीत. विचारले तेव्हा म्हणाल्या, की ही व्यक्तिकेंद्रित पद्धत आहे. पैसे आणि एसटीचा प्रवास खर्चून नुसते ऐकून घेणारेच माणूस मिळणार असेल, तर घरची माणसे काय वाईट?

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे, आणि ती पहिल्यांदा तुमच्या समुपदेशकांच्याच कानावर घालावी असे मला वाटते; तसे का, ते पुढे सांगतो. आधी घरच्या माणसांविषयी. वडील गेल्यानंतर त्यांनी तुम्हाला काय काय सांगितले असेल, याचा अंदाज बांधणे अवघड नाही. कोणी म्हणाले असेल, झाले गेले विसर. कोणी म्हणाले असेल, त्यांचे वय झालेच होते. कोणी भावाचे पाय धरायला सांगितले असेल, तर कोणी थेट कोर्टात जायला. यातील कोणाचाही हेतू वाईट नव्हता, पण प्रत्येकाचे तुमच्या निर्णयात काही ना काही गुंतलेले होते : भावाची जमीन, आईची म्हातारपणाची सोय, सासरच्यांची अपेक्षा, चार लोकांत होणारी चर्चा. तुमच्या सहीमुळे जिचे काही मिळत वा जात नाही अशी एकच व्यक्ती आज तुमच्या ओळखीत आहे, आणि ती जळगावच्या त्या खोलीत बसते. तिने जर एका बाजूने कौल दिला, तर तीही बाकीच्यांच्या रांगेत जाऊन उभी राहील.

ही पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) यांनी घडवली, आणि तीही पुस्तकातून नव्हे, तर कामातल्या अनुभवातून. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरात ते मुलांच्या मार्गदर्शन केंद्रात बारा वर्षे होते. तिथे एका अतिशय त्रासदायक मुलाची आई त्यांच्याकडे येत असे. मुलाच्या लहानपणी आईने त्याला मनाने दूर लोटले, हे अडचणीचे मूळ आहे, असे रॉजर्स यांचे निदान होते आणि ते तिला पटावे म्हणून ते भेटीमागून भेटी प्रयत्न करत राहिले. काही केल्या ते तिच्या गळी उतरेना. शेवटी दोघांनी थांबायचे ठरवले. दारापर्यंत गेलेली ती बाई मागे वळली आणि तिने विचारले, की इथे मोठ्या माणसांनाही समुपदेशन मिळते का? मिळते म्हणताच ती परत येऊन बसली आणि आपल्या विस्कटलेल्या संसाराविषयी बोलू लागली. आतापर्यंत तिने दिलेल्या नीटनेटक्या माहितीशी त्या बोलण्याचे काही साम्य नव्हते. खरे काम तिथून सुरू झाले आणि पुढे मुलातही फरक पडला. दुखणे कुठे आहे आणि कोणत्या वाटेने जायचे हे येणाऱ्या माणसालाच ठाऊक असते, आपली हुशारी दाखवण्यापेक्षा त्याच्यामागून चालावे, हा धडा रॉजर्स यांनी यातून घेतला. १९४० पासून त्यांनी ही भूमिका जाहीरपणे मांडली आणि समोरच्या माणसाला ‘रुग्ण’ म्हणणेही सोडले.

१९५७ साली त्यांनी एका शोधनिबंधात, माणसात बदल घडून यायला कोणत्या अटी लागतात, हे लिहिले. त्यांपैकी तीन समुपदेशकाच्या वागण्याशी संबंधित आहेत. समोरच्याचे जग त्याच्या जागेवरून पाहणे, पण त्यात स्वतः वाहून न जाणे, ही पहिली. तो जसा आहे तसा, कोणतीही अट न घालता त्याला स्वीकारणे, ही दुसरी. आणि समुपदेशकाने मुखवटा न लावता खरे असणे, ही तिसरी. लिहायला या तीन ओळी सोप्या आहेत, पण प्रत्यक्षात, विशेषतः दुसरी अट, फार कठीण आहे. ‘मी वडिलांना शेवटचे भेटले नाही’ हे वाक्य तुम्ही उच्चारता तेव्हा ऐकणाऱ्याच्या भुवईची किंचितशी हालचालही तुम्हाला दिसते. ती निषेधाची असेल तर तुम्ही पुढचे वाक्य गिळता, आणि ती ‘तुमचा काय दोष’ अशा घाईच्या दिलाशाची असेल तरीही गिळता. निषेध आणि दिलासा दोन्ही नसतील, तेव्हाच पुढचे वाक्य बाहेर येते.

तुमचेच बोलणे तुम्हाला परत ऐकवण्यामागेही हेच आहे. समजा, तुम्ही म्हणालात, की भावाचा मला संताप येतो. त्यावर त्या म्हणतील, ‘संताप आहे, आणि त्याच्या आड आपण वेळेवर पोहोचलो नाही याची टोचणीही आहे, असे मला जाणवते, बरोबर आहे का?’ यातील ‘बरोबर आहे का’ हा भाग सर्वांत महत्त्वाचा. त्या तुमच्यावर अर्थ लादत नाहीत. आपल्याला नीट कळले का, ते तुमच्याकडून तपासून घेतात. तुम्ही ‘नाही, टोचणी नाही, भीती आहे’ असे म्हणालात, तर त्यांचा अंदाज चुकला तरी काम पुढे सरकले. मात्र तुमचे वाक्य जसेच्या तसे पोपटासारखे परत येत असेल, तर ती व्यक्तिकेंद्रित पद्धत नव्हे. तिचे असे विडंबन होऊ लागले, तेव्हा खुद्द रॉजर्स यांनाही त्याचा मनस्ताप झाला होता.

म्हणून सुरुवातीला म्हणालो, की ही तक्रार त्यांच्याकडेच करा. ‘तुम्ही काहीच सांगत नाही याचा मला राग येतो’ हे त्यांना बोलून दाखवता आले, तर मोठ्या माणसांसमोर, उपकारकर्त्यांसमोर, कदाचित भावासमोरही जे तुम्हाला बोलता आले नाही त्याची ती सुरुवात असेल. आणि त्या किती खऱ्या आहेत याचीही परीक्षा होईल. चांगला समुपदेशक अशा वेळी पद्धतीची ढाल पुढे करत नाही.

सहीच्या बाबतीत एक गोष्ट मात्र वेगळी काढली पाहिजे. कायदा काय म्हणतो, हा प्रश्न मनाचा नाही, वकिलाचा आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीने हक्क दिला आहे. तुमच्या शेतीला ते कसे लागू होते हे कागदपत्रे दाखवून विचारून घ्या, आणि तोवर कोणी कितीही घाई केली तरी सही करू नका. हक्क काय आहे हे वकील सांगेल. तो घ्यायचा की सोडायचा, आणि सोडला तर तो प्रेमापोटी की अपराधीपणापोटी, हे मात्र कोणताही वकील सांगणार नाही. त्यासाठी ती खोली आहे. (मासिकाचे हे सदर सल्ला देण्यासाठीच चालते आणि मी इथे सल्ला न देण्याची बाजू मांडत आहे, ही विसंगती माझ्याही लक्षात आली आहे. पण पत्राला उत्तर देणारा तुमचा चेहरा पाहू शकत नाही; तो सदराच्या मर्यादेत राहूनच बोलतो.)

प्रश्न : मी धुळ्याचा निवृत्त प्राध्यापक आहे. आपल्याकडे विवेकनिष्ठ मानसोपचाराची चांगली परंपरा आहे. चुकीचा विचार दाखवून दिला की माणूस सावरतो. त्यापुढे हे ‘नुसते ऐकणे’ मला गोडगोड आणि वेळखाऊ वाटते. त्याला काही शास्त्रीय आधार आहे का?

उत्तर : आहे, आणि मर्यादाही आहेत. आधार असा, की बोलण्यातून होणाऱ्या उपचारांच्या निरनिराळ्या पद्धतींची तुलना झाली तेव्हा, नीट प्रशिक्षित माणसांनी मनापासून वापरलेल्या पद्धतींमध्ये निकालाचा फरक बहुधा थोडाच आढळला, आणि समुपदेशक व व्यक्ती यांच्यातील नाते कसे आहे याचा निकालाशी संबंध वारंवार दिसून आला. इंग्लंडमध्ये शेफील्ड येथे नैराश्याच्या पाचशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर व्यक्तिकेंद्रित परंपरेतील उपचार हा विचार-वर्तन उपचारापेक्षा (चुकीचे विचार आणि वागणे बदलण्यावर भर देणारी, तुमच्या विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या जवळची पद्धत) कमी ठरला नाही. वर्षभरानंतर मात्र विचार-वर्तन उपचार घेतलेल्यांची स्थिती अधिक चांगली होती. तेव्हा दोन्ही बाजूंनी यातला आपल्या सोयीचा अर्धाच भाग सांगू नये.

मर्यादा अशा, की हात पुन्हा पुन्हा धुण्यासारख्या मंत्रचळात, ठरावीक गोष्टींच्या तीव्र भीतीत, वर्तनावर थेट काम करणाऱ्या पद्धती अधिक उपयोगी पडतात. स्किझोफ्रेनिया किंवा उन्माद-नैराश्याच्या आजारात औषधाला पर्याय नाही. रॉजर्स यांनीच विस्कॉन्सिनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर आपली पद्धत वापरून पाहिली, पण त्यातून हाती आलेले यश माफक होते. ‘गोडगोड’ या आपल्या शब्दाशी मात्र मी सहमत नाही. तर्काने चूक दाखवून दिलेली सर्वच माणसे सावरत नाहीत. पुष्कळांना आपला विचार चुकीचा आहे हे आधीच माहीत असते, आणि तरीही तो येतो याचीच त्यांना लाज वाटत असते. वर्गातला फळा जसा आधी पुसावा लागतो तसे आधी ती लाज उतरावी लागते. मग त्यावर विवेकाची आकृती काढायला कोणाचीच हरकत नाही, आणि अनेक समुपदेशक दोन्ही पद्धती मिळून वापरतातही.

प्रश्न : रावेर तालुक्यात आमची केळीची बाग आहे. लागोपाठ दोन वर्षे कापणीच्या तोंडावर वादळाने बाग आडवी केली. विकास सोसायटीचे कर्ज आहे, खते-औषधांच्या दुकानाची उधारी आहे. दादा आता कोणाशी बोलत नाही, रात्री ओट्यावर बसून असतो, जेवण तुटले आहे. परवा वहिनीला म्हणाला, ‘माझ्यानंतर पोरांना शिकव.’ आम्ही सगळे त्याला समजावून थकलो. अशा माणसाला न सल्ला देणारे समुपदेशन काय कामाचे?

उत्तर : तुमच्या पत्रातील ते शेवटचे वाक्य मी पद्धतींच्या चर्चेपेक्षा फार वर ठेवतो. हे पत्र मिळताच तुम्हाला वेगळे कळवले आहे. पण असे घर एकच नसते, म्हणून उत्तर इथेही देतो. आजच दादाजवळ बसा आणि त्याला स्पष्ट विचारा : ‘दादा, तुला रात्री झोप लागत नाही हे मला दिसतंय. जिवाचं काही बरंवाईट करावं असं तुझ्या मनात येतं का?’ असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात घातला जातो, ही समजूत खरी नाही. उलट एकट्याने वाहिलेले ओझे कोणीतरी पाहिले, याने माणसाला बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आले, किंवा ते टाळले गेले, तर त्याला एकटे सोडू नका. फवारणीची औषधे शेतातल्या खोलीतून आणि घरातून हलवून दुसऱ्याच्या ताब्यात कुलपात ठेवा, आणि त्याला जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात घेऊन जा. टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. झोप आणि भूक अशी तुटली असेल तर औषधाची गरज असू शकते. ते डॉक्टर ठरवतील.

पोलिसांच्या भीतीने अनेक घरे अशी गोष्ट लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले जाते, आणि तिला शिक्षा करण्याऐवजी उपचार व पुनर्वसन देण्याची जबाबदारी शासनावर येते.

आता समजावण्याविषयी. ‘बाग पुन्हा उभी राहील’, ‘तुझ्यापेक्षा वाईट दिवस बापाने काढले’, ‘पोरांकडे बघ’ ही वाक्ये प्रेमानेच बोलली जातात, पण दादाला त्यांतून ऐकू येते ते एवढेच, की तू असे वाटून घेऊ नकोस. म्हणजे त्याला जे वाटते आहे ते सांगायला घरात जागाच उरत नाही. त्याऐवजी, ‘दोन वर्षांची मेहनत एका रात्रीत गेली, आणि सगळ्यांचे पोट आपल्यावर आहे असे तुला वाटत असणार’ इतके म्हणून गप्प बसा. तो लगेच बोलणार नाही. ओट्यावर त्याच्या शेजारी बसून राहा, मोबाइल बाजूला ठेवा. तो रडला तर थांबवू नका. व्यक्तिकेंद्रित समुपदेशकही हेच करतो, फक्त अधिक सराव आणि अधिक शिस्तीने. आणि जिवाला धोका दिसला, की तोही नुसते ऐकत राहत नाही, थेट विचारतो, घरच्यांना आणि डॉक्टरांना सामील करून घेतो.

आणि कर्ज हे कर्जच असते. ते मनाच्या खेळात मोडत नाही. शेतकऱ्याच्या दुःखावर समुपदेशन हेच उत्तर आहे, असे म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. पंचनाम्याची नक्कल मिळवणे, फळपीक विम्याचा दावा मार्गी लावणे, कर्जाच्या पुनर्गठनासाठी सोसायटीत खेटे घालणे ही कामे काही महिने तुम्ही आणि वहिनी वाटून घ्या. त्यातले काय झाले, काय राहिले, ते दादाला सांगत राहा, म्हणजे आपल्याला बाजूला सारले असे त्याला वाटणार नाही.

प्रश्न : माझा एकोणीस वर्षांचा मुलगा ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या दुसऱ्या प्रयत्नातही मागे पडला आणि खोलीत बसून राहू लागला. भुसावळलाच एका समुपदेशकांकडे पाठवते. फी मी भरते, पण आत काय बोलणे झाले हे विचारले, तर ते सांगत नाहीत. आईला जाणून घ्यायचा हक्क नाही का?

उत्तर : काळजी करण्याचा हक्क पूर्ण आहे, आतले बोलणे जाणून घेण्याचा नाही. मुलगा सज्ञान आहे आणि जिवाला धोका असल्यासारखे अपवाद सोडले, तर त्याच्या परवानगीशिवाय समुपदेशकाने कोणालाही काही सांगू नये, फी भरणाऱ्यालाही नाही. ते गप्प राहतात, याचाच अर्थ ते काम नीट करत आहेत.

यात तुमच्या कामाचे एक सूत्र आहे. रॉजर्स म्हणत, की मुलाला माया अटींवर मिळू लागली, की तो हळूहळू त्या अटींनाच आपली किंमत समजू लागतो. तुम्ही तशी अट कधी बोलून दाखवली नसेल. पण निकालाच्या दिवशी घरात शिजलेली गोड खीर आणि वाईट निकालाच्या दिवशी शांत झालेले स्वयंपाकघर, यांतला फरक मूल बरोबर वाचते. डॉक्टर होणे हे त्याचे स्वप्न होते, की घराचे, हे कदाचित आता त्यालाच सांगता येत नसेल. म्हणून तो परतला की ‘आज काय झाले’ असे विचारू नका. जेवायला वाढा, परीक्षा सोडून दुसऱ्या कशावरही बोला; त्याने विषय काढला तर ऐका, आणि ऐकल्यावर लगेच पुढच्या वर्षाचा बेत मांडू नका. वडिलांनाही हे वाचायला द्या.

प्रश्न : शिरपूर तालुक्यातून लिहितो. प्रमाण मराठीत मनातले सांगायला लागलो की मुलाखत दिल्यासारखे वाटते. समुपदेशन अहिराणीत मिळू शकते का? आणि माणूस खरा शिकलेला आहे, हे ओळखायचे कसे?

उत्तर : मिळू शकते, आणि मागायला लाजू नका. ‘जीव घाबरस’ असे तुम्ही म्हणालात आणि समोरच्याने त्याचे ‘चिंता’ करून वहीत लिहिले, तर तुमचे निम्मे सांगणे तिथेच सांडले. धुळे-जळगावात काम करणाऱ्या पुष्कळांच्या घरातच अहिराणी किंवा लेवा बोली आहे, पण खुर्चीत बसल्यावर ते ती बाजूला ठेवतात. वेळ ठरवताना फोनवरच विचारा : ‘मी अहिराणीत बोललो तर चालेल ना?’ न येणारा समुपदेशकही ‘तुम्ही बोला, अडले तिथे मी विचारीन’ असे म्हणाला, तर काम होते. नंदुरबारकडच्या भिली, पावरी, मावची बोलणाऱ्यांची अडचण याहून मोठी आहे. तिथे बहुतेक वेळा नातेवाईकच दुभाषी होतो, आणि ज्याच्याविषयी बोलायचे तोच शेजारी बसलेला असला, तर कोण बोलणार?

शिक्षणाविषयी सरळ विचारा : पदव्युत्तर शिक्षण कोणत्या विषयात, कुठून, आणि कोणाच्या देखरेखीखाली काम केले. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ म्हणवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. तो नोंदणी क्रमांक मागा. औषधे लिहून देणारा मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो. नुसत्या ‘समुपदेशक’ या पाटीवर मात्र आजवर फारसे नियंत्रण राहिलेले नाही. संबद्ध आरोग्य व्यावसायिकांसाठी २०२१ मध्ये झालेल्या कायद्यात या क्षेत्राचा समावेश आहे, तरी तूर्त चौकशी आपणच करायची. पहिल्या भेटीत फी किती, भेट किती वेळाची, बोलणे गुप्त राहील का आणि कोणत्या परिस्थितीत राहणार नाही, हे त्याने आपणहून सांगितले पाहिजे. तीन-चार भेटींत सगळे बरे करून देतो असे सांगणारा, तुमच्या भाषेवर हसणारा किंवा तुमच्यापेक्षा जास्त बोलणारा भेटला, तर पुढची वेळ घेऊ नका.